सोलापूरचा डॉक्टर आणि राष्ट्रांचा खेळ

आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत शिकताना विद्यार्थ्यांसमोर राष्ट्रे येतात, सैन्ये येतात, करार येतात. एकटा माणूस सहसा येत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आयुष्य मात्र त्या सिद्धांतांना नेमका त्याच जागी प्रश्न विचारते. अवघ्या बत्तीस वर्षांच्या या चरित्राकडे भावनेच्या पलीकडे जाऊन पाहण्याचा हा एक प्रयत्न.

सोलापुरात भैय्या चौक परिसरात डॉ. कोटणीस यांचे स्मारक आहे. शहरातला जुना माणूस हे नाव आदराने घेतो. चित्रपटामुळे ते देशभर पोचले, पाठ्यपुस्तकांतील धड्यांमुळे काही पिढ्यांच्या मनात राहिले. तथापि, कोटणीस चीनला गेले, त्यांनी जखमी सैनिकांची सेवा केली आणि तेथेच देह ठेवला, एवढ्या तीन वाक्यांत ही कथा बहुधा संपते. त्यागाची कथा म्हणून ती ऐकायची आणि हात जोडायचे, अशी आपली रीत झाली आहे.

विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हात जोडून थांबता येत नाही. त्याला दुसराच प्रश्न पडतो. राष्ट्रे केवळ आपला स्वार्थ पाहतात असे जर शास्त्र सांगत असेल, तर एका परतंत्र देशातील पाच डॉक्टर दुसऱ्या देशाच्या युद्धात जातात याचा अर्थ कसा लावायचा? आणि त्यानंतर चोवीस वर्षांत तेच दोन देश हिमालयात एकमेकांवर बंदुका रोखतात, तेव्हा त्या सेवेचे मोल काय उरले? सोलापूरला २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. येथील राज्यशास्त्राच्या वर्गात या प्रश्नाचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. ते गावातच आहे.

गिरण्यांच्या गावातील मुलगा

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील गिरणीत नोकरीला होते. घर मध्यमवर्गीय आणि भावंडांनी भरलेले. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरणीच्या भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर झोपणारे गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू याव्यात, असे हे शहर होते. परक्या माणसाची भाषा शिकून त्याच्याशी जुळवून घेणे ही येथील रोजची गरज होती. पुढे चीनमध्ये कोटणीसांनी जी भाषा आत्मसात केली, तिची पहिली तयारी अशा गावात नकळत झाली असेल, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोटणीस विशीत असताना सोलापूरने सबंध देशाचे लक्ष वेधून घेतले. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर शहर पेटले. इंग्रज अंमल काही काळ नावापुरताच उरला आणि सरकारने येथे लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. साम्राज्य म्हणजे काय आणि ते आपल्या दारात कसे येते, हे सोलापूरच्या त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

कोटणीसांनी वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबई गाठली. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या परीक्षेची तयारी करू लागले. जग पाहावे, वेगवेगळ्या देशांत जाऊन वैद्यकी करावी, अशी त्यांची तरुणपणापासूनची इच्छा होती. येथपर्यंतची कथा त्या काळच्या कोणत्याही हुशार, होतकरू मराठी तरुणाची असू शकते. ती वेगळी झाली १९३८ मध्ये.

पाच डॉक्टर आणि एक जहाज

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. त्याच वर्षाअखेर नानकिंग पडले. चीनच्या कम्युनिस्ट सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्ष झालेले सुभाषचंद्र बोस यांनी जूनअखेर देशाला जाहीर आवाहन केले. त्यातून सुमारे बावीस हजार रुपये जमले आणि डॉक्टरांचे एक पथक उभे राहिले.

पथकात पाच जण होते. अलाहाबादचे डॉ. मदन अटल हे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी काम केले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे दोघे, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. पाचांपैकी दोघे मराठी भाषक होते ही गोष्ट आज फारशी आठवली जात नाही. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून राजपुताना या जहाजाने हे पथक निघाले.

आता या घटनेकडे सिद्धांताच्या चष्म्यातून पाहू. १९३८ चा भारत हे सार्वभौम राष्ट्र नव्हते. त्याचे परराष्ट्र धोरण लंडनमध्ये ठरत होते. काँग्रेसकडे सैन्य नव्हते, वकिलाती नव्हत्या, तह करण्याचा अधिकार नव्हता. तिच्याकडे फक्त शब्द होते. जपानचा निषेध करणारे ठराव झाले, चीनविषयी सहानुभूतीचे दिवस पाळले गेले. परंतु सहानुभूतीचा ठराव कोणालाही करता येतो. त्यासाठी काहीच गमवावे लागत नाही, म्हणून समोरचा त्यावर कितपत विश्वास ठेवेल याची खात्री नसते.

खेळ सिद्धांत, ज्याला महाविद्यालयीन मुले गेम थिअरी म्हणतात, तो येथे एक उपयुक्त भेद करतो. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते, तेव्हा हेतू पटवून देण्यासाठी दिलेला संकेत महाग असावा लागतो. ज्याचा हेतू खोटा आहे त्याला न परवडणारा संकेतच विश्वासार्ह ठरतो. लग्नाच्या बोलणीत गोड शब्द सगळेच बोलतात; अडीअडचणीला रात्री धावून येणारा सोयरा कोण, यावरून घराची पारख होते. तसेच हे आहे. आपली पाच माणसे, तीही डॉक्टर, बॉम्ब पडणाऱ्या प्रदेशात पाठवणे हा महाग संकेत होता. भविष्यातील स्वतंत्र भारत चीनकडे कसा पाहील, हे परतंत्र भारताने आधीच सांगून ठेवले होते. या दृष्टीने पाहिले तर वैद्यकीय पथक ही केवळ भूतदया नव्हती. राज्य हाती येण्यापूर्वी केलेले ते परराष्ट्र धोरण होते.

संकेत महाग होतो तो कोणाच्या तरी खिशातून. काँग्रेसने दिलेल्या संकेताची किंमत त्या पाच जणांनी द्यायची होती.

परतीचे दरवाजे

सप्टेंबरच्या मध्यास पथक हाँगकाँगमार्गे कॅन्टनला पोचले. तेथून हांकौ, पुढे यिचांग आणि चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला. मागोमाग युद्ध येतच होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये कॅन्टन आणि हांकौ ही दोन्ही शहरे चार-पाच दिवसांच्या अंतराने जपान्यांच्या हाती गेली. चीनमध्ये या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी चीनचे द्योतक असलेले हुआ हे अक्षर जोडले गेले. कोटणीस झाले के दीहुआ. आजही चीनमध्ये ते याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंगमध्ये असतानाच, १९३९ च्या आरंभी, कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. घर मोठे, कर्ता पुरुष गेलेला. सोलापूरला परत जाण्यासाठी याहून रास्त कारण असू शकत नव्हते आणि कोणी बोटही दाखवले नसते. कोटणीस परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, कम्युनिस्टांच्या मुख्य ठाण्यावर पोचले. तेथे माओ त्से तुंग यांनी त्यांचे स्वागत केले.

पुढच्या काळात सहकारी एकेक करून मायदेशी परतले. चोळकर आणि मुखर्जी प्रकृतीच्या कारणाने आधी गेले, नंतर अटल आजारी पडून परतले. यात कमीपणाचे काहीच नाही. ज्या परिस्थितीत त्यांनी काम केले ती पाहता, गेले हेच पुष्कळ होते. मागे राहिले बसू आणि कोटणीस. मोहीम मुळात दीर्घ मुक्कामाची नव्हतीच. आघाडीच्या प्रदेशात कोटणीस थांबले ते कोणत्याही कराराने बांधलेले नसताना.

खेळ सिद्धांताचा विद्यार्थी डाव समजून घेण्यासाठी एक झाड काढतो. प्रत्येक फाट्यावर खेळाडूला निवड असते आणि प्रत्येक निवडीपुढे नवा फाटा. कोटणीसांच्या आयुष्याचे असे झाड काढले, तर त्यात परतीची फांदी पुन्हा पुन्हा दिसते. वडिलांच्या निधनानंतर, सहकारी परतल्यानंतर, आणि पुढे स्वतःची प्रकृती बिघडल्यानंतर. त्यागाची एकच मोठी घटका असते आणि तीत माणूस थोर ठरतो, अशी आपली समजूत असते. वास्तविक मुंबईच्या धक्क्यावर जहाजात चढणे हा कोटणीसांचा सर्वांत अवघड निर्णय नव्हता. अवघड होते ते पुढची चार वर्षे पुन्हा पुन्हा न परतणे.

वुताईचा डोंगराळ मुलूख

येनानहून कोटणीस उत्तर चीनमधील वुताई पर्वताच्या परिसरात गेले. शान्सी, चाहार आणि होपेई या प्रांतांच्या सीमेवरील हा भाग जपानी फळीच्या मागे होता. सेनापती नीए रोंगचेन यांच्या नेतृत्वाखाली तेथे गनिमी युद्ध चालू होते. शिवकालीन गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्यातील डावपेच अपरिचित वाटले नसतील. डॉक्टरच्या दृष्टीने मात्र अशा युद्धाचा अर्थ फार कठोर असतो. रुग्णालयाला पक्की भिंत नाही, आज येथे तर उद्या पुढच्या गावात. औषधांचा तुटवडा कायमचा. आणि शत्रू केव्हा येईल याचा नेम नाही.

याच मुलुखात कॅनडाचे शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. तीस वर्षांचा एक परदेशी तरुण युद्धभूमीवरील रुग्णालयाचा प्रमुख झाला. जोडीला शिकवण्याचे कामही आले. तोपर्यंत ते चिनी भाषेत व्याख्यान देण्याइतके तयार झाले होते. विद्यार्थ्यांसाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. १९४० मधील एका मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

याच काळात त्यांची क्वो चिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचारिका होत्या आणि बेथ्यून वैद्यकीय विद्यालयात शिकवत होत्या. १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये दोघे विवाहबद्ध झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. नीए रोंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले होते. काँग्रेसच्या झेंड्याखाली निघालेला तरुण कम्युनिस्ट म्हणून वारला, ही गोष्ट भारतातील अनेक भाषणांत सोयीस्करपणे वगळली जाते. चीनमध्ये तीच ठळकपणे सांगितली जाते. दोन्हीकडच्या या सवयींमध्ये माणूस मात्र निम्मा निम्मा वाटला जातो.

अपुरे अन्न, अखंड श्रम आणि थंडी यांनी प्रकृती ढासळत गेली होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. उपचारासाठी या मुलुखातून बाहेर पडण्याची संधी असूनही ते कामावरच राहिले. होपेई प्रांतातील तांग परगण्यात, गेगोंग या खेड्यात ९ डिसेंबर १९४२ रोजी एकामागून एक झटके येऊन त्यांचे निधन झाले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तक अपुरे राहिले. माओ आणि सून यत्सेन यांच्या पत्नी सूंग चिंगलिंग यांनी शोकसंदेश लिहिले. भारतात तेव्हा छोडो भारत आंदोलन पेटलेले होते. नेते तुरुंगात होते. ज्यांच्या आवाहनावरून कोटणीस निघाले होते, ते बोस देशाबाहेर होते.

स्वार्थ म्हणजे काय?

कोटणीसांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९४४ मध्ये, जॉन फॉन न्यूमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांचा खेळ सिद्धांतावरील ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये हान्स मॉर्गेन्थाऊ यांचे राष्ट्राराष्ट्रांतील राजकारणावरील पुस्तक आले आणि वास्तववाद ही आंतरराष्ट्रीय संबंधांतील प्रमुख विचारधारा बनली. १९५० च्या सुमारास कैद्यांचा पेच मांडला गेला. म्हणजे आज वर्गात शिकवल्या जाणाऱ्या चौकटी ज्या महायुद्धाच्या छायेत घडल्या, त्याच युद्धात कोटणीस आपला डाव खेळून गेले होते.

कैद्यांचा पेच सोलापूरच्या भाषेत सांगायचा तर असा. चादरींचे दोन व्यापारी आहेत. दोघांनी दर टिकवला तर दोघांचे भले. पण समोरचा दर पाडील या भीतीने प्रत्येक जण आधीच दर पाडतो आणि शेवटी दोघेही नुकसानीत जातात. कोणीच मूर्ख नाही, प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणाच वागतो, तरी परिणाम दोघांना नको असलेला. शस्त्रस्पर्धेचे गणित हेच आहे, असे सिद्धांत सांगतो.

यावरून विद्यार्थी घाईने एक निष्कर्ष काढतात की, खेळ सिद्धांत माणसाला स्वार्थी मानतो आणि कोटणीसांसारखा माणूस त्यात बसत नाही. हा गैरसमज आहे. सिद्धांत एवढेच म्हणतो की, खेळाडूला काय अधिक हवे आणि काय कमी, याचा काही क्रम असतो आणि तो त्या क्रमाला धरून वागतो. त्या क्रमात सर्वांत वर पैसा असावा, अशी अट नाही. जखमी सैनिकाचा जीव वर आणि स्वतःची प्रकृती खाली, असा क्रम असलेला माणूसही सिद्धांताच्या भाषेत पूर्णपणे विवेकीच ठरतो.

सिद्धांताची खरी मर्यादा पुढे आहे. हा क्रम येतो कोठून, याचे उत्तर तो देत नाही. तो क्रम दिलेलाच आहे असे धरून गणित सुरू होते. कोटणीसांच्या बाबतीत मात्र क्रम बदलत गेलेला स्पष्ट दिसतो. १९३८ मध्ये जग पाहू इच्छिणारा डॉक्टर, १९३९ मध्ये वडिलांच्या निधनानंतरही थांबलेला स्वयंसेवक, १९४१ मध्ये रुग्णालयाची जबाबदारी घेतलेला संचालक, आणि १९४२ मध्ये त्याच भूमीवर संसार मांडलेला गृहस्थ. लोकांमध्ये वावरताना, त्यांची भाषा बोलताना, त्यांच्या जखमा शिवताना आपण कोण आहोत याची त्यांची कल्पनाच बदलत गेली. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुढे आलेल्या रचनावादी विचारवंतांनी नेमका हाच मुद्दा मांडला. हितसंबंध आधीपासून ठरलेले नसतात, परस्परसंबंधांतून ते घडतात आणि बदलतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरणही याच कथेत आहे. जपानच्या आक्रमणाविरुद्ध चीनला मदत पाठवणारे सुभाषचंद्र बोस पुढे १९४३ मध्ये टोकियोत पोचले आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी जपानचेच साह्य घेतले. यात अनेकांना विसंगती दिसते. कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ वाचलेल्याला ती तितकी दिसणार नाही. शत्रूचा शत्रू तो मित्र, हा मंडल सिद्धांताचा पाया आहे आणि बोस यांचा शत्रू ब्रिटिश साम्राज्य होते. १९३८ मध्ये जे पटावर होते ते १९४३ मध्ये बदलले होते आणि त्यांनी चाल बदलली. कोटणीस जिवंत असते तर त्यांच्यापुढे केवढा मोठा पेच उभा राहिला असता! आपल्या नेत्याने ज्यांचे साह्य घेतले, त्यांच्याच गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर ते उपचार करत होते. नेता देशाचे गणित मांडत होता, डॉक्टर समोरच्या रुग्णाचे. दोघांपैकी कोणालाही खोटे म्हणता येत नाही आणि म्हणूनच हा विषय वर्गात शिकवण्याजोगा आहे.

१९६२ नंतरचे मौन

अमेरिकी अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाची कारणे तीन पातळ्यांवर शोधावीत असे सुचवले. माणूस, राज्य आणि राज्याराज्यांची एकूण व्यवस्था. त्यांचा स्वतःचा कल तिसऱ्या पातळीकडे होता. माणसे चांगली असली तरी वरती कोणी पंच नसलेल्या जगात राष्ट्रे एकमेकांना भिणारच, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

भारत-चीन संबंधांनी हे प्रतिपादन कठोरपणे खरे केले. कोटणीसांची कथा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर घरोघर पोचली होती. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये डॉ. कोटनीस की अमर कहानी हा चित्रपट काढला आणि त्यात स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. एप्रिल १९५४ मध्ये दोन्ही देशांनी पंचशील करार केला. बंधुभावाच्या घोषणा दुमदुमल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, युद्ध झाले. चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. कोटणीसांचा विसावा स्मृतिदिन आला तो त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी. तो दिवस सोलापुरात कोणत्या मनाने आला असेल, याची कल्पनाच करावी.

आणखी एक दुःख या काळात घडले. भारत आणि चीन यांची नावे एकत्र धारण करणारा यिनहुआ वडिलांप्रमाणेच डॉक्टर होऊ पाहत होता. वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी असतानाच १९६७ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तो पंचवीस वर्षांचाही झाला नव्हता. चीनमध्ये तेव्हा सांस्कृतिक क्रांतीची धुमश्चक्री चालू होती आणि दोन्ही देशांत राजदूतही नव्हते. राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली ती १९७६ मध्ये.

तर मग एका माणसाचे बलिदान राष्ट्रांच्या खेळात शून्य ठरले काय? वास्तववादी होय म्हणेल. कोटणीसांनी १९६२ रोखले नाही, हे सत्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. किंबहुना कोणा एका व्यक्तीच्या स्मृतीने सीमेवरचा वाद सुटेल, अशी अपेक्षा करणे हा त्या व्यक्तीवरच अन्याय आहे. नकाशावरची रेषा हा शस्त्रक्रियेचा विषय नव्हे.

परंतु खेळ सिद्धांतातील दुसरी एक कल्पना येथे अधिक उपयोगी पडते. थॉमस शेलिंग यांनी १९६० मध्ये ती मांडली आणि पुढे २००५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोघांना एकमेकांशी बोलता येत नसताना जुळवून घ्यायचे असेल, तर दोघांच्याही मनात आपोआप येणारी एखादी खूण लागते. जत्रेत चुकामूक झालेली माणसे देवळाच्या दीपमाळेपाशी येऊन थांबतात. तसे कोणी ठरवलेले नसते. पण समोरचाही तेथेच येईल असे दोघांनाही वाटते. मराठीत आपण याला मेळबिंदू म्हणू.

भारत आणि चीन यांच्यातील विस्कटलेल्या संबंधांत कोटणीस हे असे मेळबिंदू झाले आहेत. चीनने १९८२ मध्ये त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिवर्षी टपाल तिकिटे काढली. तोवर राजीव गांधींची १९८८ ची बीजिंग भेट व्हायची होती. भारताने १९९३ मध्ये तिकीट काढले. चीनचे नेते भारतात आले की, कोटणीस कुटुंबीयांना भेटण्याचा परिपाठ पडला. जियांग झेमिन १९९६ मध्ये, हू जिंताओ २००६ मध्ये आणि शी जिनपिंग २०१४ मध्ये आले तेव्हा तो पाळला गेला. क्वो चिंगलान स्वतः अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीस आणि बेथ्यून यांच्या समाधी आहेत. तेथे आजही फुले वाहिली जातात.

मेळबिंदूने भांडण मिटत नाही. जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात वीस भारतीय जवान हुतात्मा झाले. पूर्व लडाखमधील गस्तीबाबत ऑक्टोबर २०२४ मध्ये समझोता होईपर्यंत चार वर्षे गेली. मेळबिंदूचे काम एवढेच की, बोलणी सुरू करायची वेळ आली तर पहिले वाक्य कोठून सुरू करावे, हे दोघांनाही ठाऊक असते. दोन्ही बाजूंना न डाचणारे असे एक नाव. राष्ट्रांच्या व्यवहारात अशी नावे फार थोडी असतात आणि ती पैसे देऊन विकत घेता येत नाहीत.

दोन्ही देशांच्या सरकारांनी या नावाचा सोयीप्रमाणे वापर केला, हेही खरेच. संबंध गोड असले की हारतुरे, कडवट झाले की मौन. अभ्यासकाने याची नोंद ठेवली पाहिजे. पण वापर होतो याचाच अर्थ, त्या नावात वापरण्याजोगे बळ आहे. ते बळ भाषणांनी आलेले नाही. गेगोंगच्या खेड्यात, थंडीत, अपुऱ्या औषधांनिशी शिवलेल्या जखमांतून ते आले आहे. ज्यांच्या जखमा शिवल्या ते सैनिक गेले, शिवणारा गेला, त्याचा मुलगाही गेला. तरी त्या संकेताची किंमत पुरती चुकती झालेली होती, म्हणून तो आजही वाचता येतो.

सोलापूरच्या स्मारकात जाणाऱ्या विद्यार्थ्याने तेथील छायाचित्रांपुढे क्षणभर हात जोडावेत, त्यात वावगे काही नाही. मग मात्र वहीचे पान उघडावे, एक झाड काढावे आणि त्याच्या प्रत्येक फाट्यावर स्वतःला उभे करून पाहावे. परतीची फांदी किती मोहक होती, हे तेव्हाच उमगेल.